त्रिनिदादची ग्रुप टूर: बुकिंगपासून कॅरोनीच्या संध्याकाळपर्यंत

कॅरिबियन समुद्रातलं त्रिनिदाद बेट आपल्या गोव्यापेक्षा थोडंसंच मोठं, साधारण ४,८०० चौरस किलोमीटरचं. नकाशा बघून माझ्या न्यू जर्सीच्या भावाने निकाल दिला, "गाइड कशाला हवा? गाडी घेऊ, दोन दिवसांत सगळं उरकून टाकू." तिथे आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहनं चालतात आणि भावाला वीस वर्षं उजव्या बाजूची सवय. पहिल्या चौकातच इंडिकेटरऐवजी वायपर सुरू झाले! पुढचं सांगते. भर दुपारी बाराला, जिथे संध्याकाळी लाल पक्ष्यांचे थवे परततात त्या कॅरोनीच्या दलदलीपाशी पोहोचलो, तर होड्या चारला सुटतात असं कळलं. तिथून डांबराच्या तळ्यावर गेलो ते अडीच वाजता. उन्हाने पाय भाजले. परतताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये असे अडकलो की समुद्रातलं देऊळ अंधारातच बघितलं, म्हणजे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी निमूट ग्रुप टूर घेतली. ठिकाणं तीच, पण क्रम उलटा. त्या दिवशी कळलं की त्रिनिदादमध्ये गाइडचे पैसे रस्ता दाखवण्यासाठी द्यायचेच नसतात, ते वेळ साधण्यासाठी द्यायचे असतात. भरती-ओहोटी, ऊन, पक्ष्यांची घरी परतण्याची वेळ आणि हायवेवरची गर्दी, या चार गोष्टी ज्याला जमल्या तो खरा गाइड. म्हणून हा लेखही त्याच अंगाने लिहिते आहे.

तिकिटाच्या आधी: व्हिसा आणि एक इंजेक्शन

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र हाताशी ठेवा, इमिग्रेशनला विचारतात. खरी अडचण वाटेतली. मुंबईहून थेट विमान नाही, त्यामुळे युरोप, अमेरिका, कॅनडा किंवा पनामामार्गे जावं लागतं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच. बाकी देशांचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्यापूर्वी तपासा, काढल्यानंतर नव्हे. स्वस्त तिकिटाच्या मोहात दोन थांबे घेतले आणि दुसऱ्या थांब्याचा व्हिसाच नाही, असं होणारी माणसं दर वर्षी विमानतळावर भेटतात.

आता इंजेक्शन. ही गोष्ट बहुतेकांना परत येताना कळते. पिवळ्या तापाच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या देशांच्या भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि एकदा घेतली की जन्मभर चालते. या केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात, म्हणून महिनाभर आधी फोन करा. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, अंड्याची ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. ही लस सरसकट सगळ्यांसाठी नाही.

कधी जायचं

जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाचा. कॅरिबियनमधली बहुतेक वादळं त्रिनिदादच्या उत्तरेकडून निघून जातात, तरी पाऊस आपल्या कोकणासारखा धो धो येतो आणि अर्ध्या तासात ऊन पडतं. कार्निव्हल असतो लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ, सुरू होण्याआधीच्या सोमवारी आणि मंगळवारी. तो बघायचाच असेल तर अवश्य जा, पण मग बेट बघण्याचा विचार सोडून द्या. हॉटेलं दुप्पट महाग होतात, रस्ते बंद असतात आणि गाइडसुद्धा नाचायला गेलेला असतो. समुद्रकासवांसाठी जायचं तर मार्च ते ऑगस्ट. लेदरबॅक जातीची प्रचंड कासवं मातुरा आणि ग्रांद रिव्हिएरच्या किनाऱ्यांवर रात्री अंडी घालतात. त्यासाठी परवाना लागतो, म्हणून ती टूर वेगळी घ्यावी लागते.

टूर कशी निवडायची

त्रिनिदादमध्ये मोठ्या बसच्या टूर कमीच. बहुतेक ठिकाणी ८ ते १२ जणांची व्हॅन असते, नाहीतर भाड्याने घेतलेली मॅक्सी टॅक्सी. या मॅक्सी म्हणजे तिथली रोजची वाहतूक. पांढऱ्या गाडीवर रंगीत पट्टा असतो: पिवळा राजधानी पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे, हिरवा मध्य आणि दक्षिणेकडे. एकटं फिरायचं झालं तर ही खूण उपयोगी पडते, पण डांबराच्या तळ्यापर्यंत मॅक्सी बदलत जाण्यात अख्खा दिवस जातो.

बुकिंग करताना खालच्या गोष्टी फोनवर न विचारता लिहून मागवा:

- हॉटेलवरून नेणार आणि परत सोडणार का? "जवळच्या चौकात" म्हणाले तर चौकाचं नाव विचारा.
- कॅरोनीच्या होडीचं तिकीट आणि डांबराच्या तळ्याचं प्रवेशशुल्क धरलं आहे का?
- गाडी चालवणारा आणि माहिती देणारा एकच माणूस आहे का? सहा जणांपर्यंत चालतं, त्याहून जास्त असतील तर दोघं हवेत.
- किमान किती जण जमले तर टूर निघते? आमच्या आधीच्या दिवसाची टूर चारच जण झाले म्हणून रद्द झाली होती. पैसे परत मिळाले, दिवस कुठून मिळणार?
- जेवण आहे का, आणि शाकाहारी म्हणजे त्यांच्या लेखी काय? मासे "मीट"मध्ये न धरणारे लोक सगळीकडे आहेत.
- दिवसाचा क्रम काय आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. उत्तरात कॅरोनी सकाळी आणि डांबराचं तळं दुपारी असेल, तर ती टूर सोडा.

सुरक्षिततेबद्दल स्पष्टच बोलते. त्रिनिदादमध्ये टोळ्यांची गुन्हेगारी आहे; २०२४च्या डिसेंबरअखेरीस आणि पुन्हा २०२५मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. पर्यटक ज्या भागांत फिरतात तिथे आम्हाला कधी भीती वाटली नाही, पण अंधार पडल्यावर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पायी भटकलो नाही आणि सोन्याची साखळी घरीच ठेवली. ग्रुपबरोबर जाण्याचं हेही एक कारण आहेच.

बॅगेत काय

लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे अजिबात नेऊ नका. तिथे ते घालायला कायद्याने बंदी आहे आणि लहान मुलांचा टी-शर्टही त्यात येतो. माझ्या भाच्याची अर्धी चड्डी अशीच होती. ग्रुपमधल्या एका काकूंनी व्हॅनमध्ये चढताचढता ती बघितली आणि त्याला परत खोलीवर पाठवलं.

वीज ११५ व्होल्टची आणि पिना चपट्या. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त ॲडॉप्टर हवा. आपली पाणी गरम करायची किटली मात्र तिथे रुसून बसते. डासांसाठी मलम, लांब बाह्यांचा पातळ शर्ट, टोपी, रेनकोट (छत्री नको) आणि फेकून द्यायला हरकत नाही असे सपाट बूट घ्या. छोटी बाटलीभर खोबरेल तेलही न्या. का ते तळ्यापाशी सांगते.

त्रिनिदादचा डॉलर आपल्याकडे मिळत नाही. अमेरिकन डॉलर न्या आणि तिथे बदला. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात मिळतात. हॉटेलात कार्ड चालतं, पण डबल्सवाल्याला, म्हणजे रस्त्यावरच्या नाश्तेवाल्याला, रोखच लागते, तीही सुटी.

टूरची सकाळ

व्हॅन आठला येणार असेल तर साडेसातला डबल्स खाऊन घ्या. हळद घातलेल्या मैद्याच्या पिठाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना म्हणतात बारा. हा आपला बडा, वडा. त्यावर पळीभर छोले, म्हणजे "चना", वर काकडीचा कीस, चिंचेची चटणी आणि शाडो बेनी. ही पानं लांब, कातरलेल्या कडांची. वास कोथिंबिरीचा, पण चौपट. कागदात गुंडाळून हातात देतात आणि उभ्यानेच खायचं. चमचा मागू नका. वरच्या बाऱ्याचा तुकडा तोडून त्याने चना उचलायचा, तोवर खालचा बारा रस पिऊन तयार होतो. विक्रेता न बघताच विचारतो, "पेपर?" म्हणजे तिखट किती? तेव्हा "स्लाइट", म्हणजे थोडंसं, म्हणा. आपण मराठी माणसं तिखटाच्या बाबतीत जरा फुशारकी मारतो. भावाने "मेडियम" सांगितलं आणि पुढचे वीस मिनिटं तो कुणाशीच बोलला नाही.

व्हॅनमध्ये चढताना सगळ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणायचं. ही तिथली रीतच आहे. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात शिरताना न बोलणारा माणूस उद्धट ठरतो. रात्री भेटल्याभेटल्या कुणी "गुड नाइट" म्हणालं तर निरोप समजू नका, तो नमस्कार असतो. आणि ड्रायव्हर "जस्ट नाउ" म्हणाला तर "आत्ता लगेच" असा अर्थ घेऊ नका. येईल कधीतरी, एवढंच.

दक्षिणेचा दिवस: हाच क्रम धरा

सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून पोर्ट ऑफ स्पेनच्या दिशेने येते. तुम्ही उलट दिशेला, दक्षिणेला निघता, म्हणून रस्ता मोकळा मिळतो. पहिला मुक्काम सर्वांत लांबचा, ला ब्रेआचं डांबराचं तळं. साडेनऊ-दहाला पोहोचायला हवं.

तळं म्हटल्यावर पाणी शोधू नका. जवळजवळ १०० एकरांवर राखाडी-काळी, सुरकुत्या पडलेली जमीन, हत्तीच्या पाठीसारखी. हे जमिनीखालून वर येणारं नैसर्गिक डांबर. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅलेने १५९५मध्ये आपल्या जहाजांच्या फटी बुजवायला हेच वापरलं. इथे तळ्याचा अधिकृत गाइड घ्याच, टूरबरोबर आलेला असला तरी. कुठलं कवच टणक आणि कुठलं मऊ हे रोज बदलतं. फाटकाबाहेर "मी दाखवतो" म्हणत मागे लागणाऱ्यांना हसून नकार द्या आणि आत केंद्रावर नोंद करा. आमच्या गाइडने एका ठिकाणी काठी टेकवली आणि बोलत राहिला. पाच मिनिटांनी काठीचं टोक बोटभर आत गेलं होतं. मग म्हणाला, "आता तुम्ही बुटांकडे बघा." सगळ्यांनी एकदम पाय उचलले.

पावसाळ्यात खड्ड्यांमध्ये गंधकयुक्त पाणी साठतं आणि लोक त्यात डुंबतात. कपडे बदलायची तयारी असेल तर उतरा. डांबर अंगाला लागलं तर साबणाने जात नाही. खोबरेल तेल लावून पुसा, मग साबण. तेल आणायला सांगितलं ते यासाठी. साधारण तासाभरात बाहेर पडायचं. अकरानंतर तिथे थांबण्यात अर्थ नाही.

परतताना जेवण रोटीच्या दुकानात. दोन प्रकार आहेत. धालपुरी म्हणजे पुरणपोळीची तिखटमिठाची मावसबहीण. आत वाटलेली डाळ आणि जिरं, ज्याला ते "गीरा" म्हणतात. दुसरी "बस अप शट". तव्यावरच उलथन्यांनी झोडपून फाटक्या शर्टासारखी केलेली पराठ्याची लक्तरं, नावही "बस्टेड अप शर्ट"चंच. शाकाहारींसाठी चना, आलू, बोडी (चवळीच्या लांब शेंगा), बैगन आणि भाजी हे सगळे शब्द तिथे रोजच्या इंग्रजीतच आहेत, समजावून सांगावं लागत नाही. मात्र त्यापलीकडे हिंदी बोलत सुटू नका. १८४५ ते १९१७ या काळात करारावर आलेल्या १ लाख ४० हजारांवर मजुरांमध्ये बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले होते. आज लोकसंख्येत भारतीय वंशाचे साधारण ३५ टक्के आहेत, पण त्यांची भोजपुरी गाण्यांत, लग्नविधींत आणि स्वयंपाकघरात उरली आहे. "तुम्ही मूळचे कुठले?" हा आपला लाडका प्रश्न तिथे थोडा अवघड जातो. त्यांच्या दृष्टीने ते मूळचे त्रिनिदादमधल्याच चगुआनासचे असतात.

दुपारी दोनच्या सुमारास कारापिचायमा. इथे ८५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे, २००३ची. आवारातलं मंदिर दत्तात्रेयाचं आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हैसूरच्या दत्तपीठाने हे केंद्र उभारलं. गुरुवार नव्हता, औदुंबर नव्हता, तरी भावाने हात जोडून "दिगंबरा दिगंबरा" सुरू केलं आणि मागून येणारं एक त्रिनिदादी कुटुंब कुतूहलाने थांबलं.

तिथून अगदी जवळ वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. याची गोष्ट गाइडकडून ऐकण्याआधी वाचून जा. सिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने १९४७मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. १९५२मध्ये ते पाडलं गेलं आणि त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावर ते म्हणाले, जमीन तुमची असेल, समुद्र तर कुणाचा नाही. सायकलवरून दगड, सिमेंट नेत, ओहोटीची वाट बघत, सुमारे २५ वर्षं ते समुद्रात भर घालत राहिले. आजचं अष्टकोनी देऊळ त्यानंतरचं, १९९५चं. ओहोटीला भोवती चिखल असतो आणि बगळे चरत असतात. भरतीला देऊळ पाण्यावर तरंगल्यासारखं दिसतं. दोन्ही बघण्यासारखं आहे, पण फोटो हवा असेल तर त्या दिवसाची भरतीची वेळ आदल्या रात्री बघून गाइडला सांगा. दत्तमंदिर आणि हे देऊळ यांचा क्रम तो आनंदाने बदलतो. गाभारा दर वेळी उघडा असेलच असं नाही. शेजारीच स्मशानघाट आहे. तिथे विधी चालू असतील तर कॅमेरा पिशवीत.

वॉटरलूहून निघायची शेवटची वेळ सव्वातीन. इथे कुणी "पाच मिनिटं" म्हणालं तर ऐकू नका.

वाटेतला फाटा: उत्तरेचा अर्धा दिवस

दुसरा दिवस हाताशी असेल तर सकाळी पोर्ट ऑफ स्पेनमधलं क्वीन्स पार्क सव्हाना हे मोठं मैदान, त्याच्या पश्चिम कडेचे सात जुने वाडे आणि मग डोंगरातून मराकसचा किनारा. रविवारी जाऊ नका, अख्खं शहर तिथेच असतं. पोहताना जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधेच राहा. लाट सुंदर आहे, पण ओढ जोरात. "बेक अँड शार्क" तिथलं प्रसिद्ध, तळलेल्या पावात शार्क. शाकाहाऱ्यांनी वाटेतल्या पॉइंटवर मसालेदार आंब्याच्या फोडी घ्याव्यात.

जाताना ड्रायव्हरला क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेट मैदानावरून न्यायला सांगा. मार्च १९७१मध्ये सुनील गावसकर इथेच पहिली कसोटी खेळले, ६५ आणि नाबाद ६७. त्याच सामन्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ११२ काढले, कर्णधार अजित वाडेकर, आणि वेस्ट इंडिजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय. आमच्या ड्रायव्हरचा जन्म त्यानंतरचा, तरी गावसकरांवर तिथे एक कॅलिप्सो गाणं झालं होतं ते त्याला तोंडपाठ होतं. आत सोडलं नाही. फाटकाबाहेर उभं राहून ऐकलं.

कॅरोनी

आता पुन्हा दक्षिणेच्या दिवसाकडे. वॉटरलूहून साडेतीन-पावणेचारला कॅरोनीच्या धक्क्यावर. स्वच्छतागृहात इथेच जाऊन या, पुढचे अडीच तास काही नाही. मलम होडीत चढण्याआधी लावा. होडी लांबट, सपाट बुडाची. शक्यतो काठाची जागा घ्या आणि मधल्या माणसाला कधीतरी बदलून द्या. सुरुवातीला कांदळवनातले अरुंद कालवे लागतात. होडीवाला अचानक इंजिन मंद करून फांदीकडे बोट दाखवतो. पहिल्यांदा काही दिसत नाही, मग ती गाठ म्हणजे वेटोळं घातलेला साप असल्याचं लक्षात येतं. किंचाळू नका, तो झोपलेला असतो.

मग कालवा उघड्या पाण्यात येतो आणि होडी एका बेटापासून बरीच लांब बांधून ठेवतात. जवळ का नेत नाहीत म्हणून हुज्जत घालू नका. स्कार्लेट आयबिस हा राष्ट्रीय पक्षी आहे आणि आवाजाने तो रात्रीची जागा सोडून जातो. त्यामुळे दुर्बीण हवी. मोबाइलवर फक्त लाल ठिपके येतात. साडेपाचच्या सुमारास पहिले चार-पाच येतात, मग थवे. कोळंबी आणि खेकडे खाऊन तो रंग चढतो. पिल्लं करडीच असतात. हिरवं झाड बघताबघता जास्वंद फुलल्यासारखं होतं. आमच्या होडीत तीसेक माणसं होती, त्यांतली दोन लहान मुलं सकाळपासून भांडत होती. ती गप्प झाली.

अंधार पडताना परत फिरतात. टॉर्च हातात ठेवा, धक्क्याच्या पायऱ्या ओल्या असतात. होडीवाल्याची आणि गाइडची बक्षिशी वेगवेगळी द्या. साधारण दहा टक्के पुरतात. व्हॅन हायवेला लागली तेव्हा समोरून शहराबाहेर पडणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची रांग नजर पोहोचेल तिथवर थांबलेली होती. आमची बाजू रिकामी. भावाने घड्याळ बघितलं आणि काही न बोलता पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.